क्रूझच्या दिवशी टर्मिनलवर किती वाजता जावं? सोलापूरहून निघणाऱ्यांसाठी सविस्तर उत्तर

प्रश्न जुळे सोलापुरातल्या एका ताईंचा आहे. त्या, त्यांचे यजमान, आठ वर्षांचा मुलगा आणि सत्तरी ओलांडलेले सासू-सासरे असे पाच जण मुंबईहून गोव्याच्या क्रूझला निघाले आहेत. जहाज संध्याकाळी पाचला सुटतं. बोर्डिंगसाठी दुपारी एक ते दीड अशी वेळ मिळाली आहे. सिद्धेश्वर एक्स्प्रेस त्यांना सकाळी सातच्या सुमारास सीएसएमटीला उतरवते. त्या विचारतात: उतरल्यावर थेट टर्मिनलवर जाऊन बसलो तर लवकर आत घेतील का? तिथे किती वेळ थांबावं लागतं? आणि काही कारणानं उशीर झाला तर जहाज आपल्यासाठी थांबतं का? शेवटी परतीचं तिकीट कोणत्या गाडीचं काढावं, हेही विचारलं आहे.

ताई, पहिल्या तिन्हींची उत्तरं आधी सरळ देतो. दिलेल्या वेळेच्या आधी सहसा आत घेत नाहीत. आपल्या वेळेला गेलात आणि सगळं सुरळीत असलं, तर बंदराच्या फाटकापासून जहाजात पाऊल टाकेपर्यंत साधारण पाऊण ते दीड तास जातो. आणि जहाज थांबत नाही.

मी सोलापूर, बार्शी, पंढरपूरकडच्या मंडळींचे गट क्रूझवर नेतो. हे काम बरीच वर्षं करतो आहे आणि पहिल्या दिवसाची दमछाक बहुतेक वेळा एकाच गैरसमजातून होताना पाहतो. मुंबईत लवकर पोहोचणं आणि टर्मिनलवर लवकर पोहोचणं आपण एकच धरतो. मुंबईत जितकं लवकर पोहोचाल तितकं चांगलं, जमलं तर आदल्या दिवशीच. टर्मिनलवर मात्र आपल्या वेळेलाच जायचं. यामागचं कारण कळलं की पुढचा बेत तुमचा तुम्हालाच आखता येईल, म्हणून ते जरा खोलात सांगतो.

ज्या जहाजावर तुम्ही दुपारी चढणार, त्यावर त्याच दिवशी सकाळपर्यंत दुसरे लोक राहत असतात. जहाज पहाटे किंवा सकाळी धक्क्याला लागतं. परदेशातून आलं असेल तर आधी बंदराचे आरोग्य अधिकारी, कस्टम आणि इमिग्रेशन यांची मंजुरी लागते. मग जुने प्रवासी आणि त्यांचं सामान उतरतं, त्यातच नऊ-दहा वाजतात. त्यानंतर शेकडो केबिनमधल्या चादरी-टॉवेल बदलायचे, न्हाणीघरं धुवायची, दूध-भाजी-फळं चढवायची, कचरा उतरवायचा, गरज असेल तर इंधन भरायचं. हे सगळं चार-पाच तासांत. बहुतेक जहाजांवर केबिन दुपारी एक-दीडच्या आत हातात येत नाही ती यामुळेच. अमेरिकेतल्या बंदरांत तर जुन्या फेरीतला शेवटचा माणूस उतरून जहाज रिकामं झाल्याची खात्री होईपर्यंत नव्या प्रवाशाला चढू देत नाहीत. आतला एखादा प्रवासी केबिनमध्येच झोपून राहिला तर बाहेरचे सगळे खोळंबतात. पंढरपूरला देवाची पूजा चालू असली की दर्शनबारी थांबते आणि पहाटे तीनपासून उभा असलेला माणूसही जागचा हलत नाही, तसंच इथे होतं. सकाळी आठला आलेल्याला जहाज तयार होईपर्यंत बसूनच राहावं लागतं.

आता बोर्डिंगची वेळ वेगवेगळी का देतात ते पाहा. मुंबईहून २०२१ पासून सुटणारं कॉर्डेलिया या क्रूझ कंपनीचं ‘एम्प्रेस’ जहाज घ्या. १९९० साली बांधलेलं हे जहाज आजच्या मानानं मध्यम आकाराचं, तरी त्यावर १८०० च्या आसपास प्रवासी मावतात. बॅलार्ड पिअरच्या नव्या मुंबई आंतरराष्ट्रीय क्रूझ टर्मिनलचं उद्घाटन सप्टेंबर २०२५ मध्ये झालं. तिथे चेक-इन आणि इमिग्रेशन मिळून ७२ काउंटर आहेत. पण म्हणून एका जहाजासाठी सगळे काउंटर उघडले जात नाहीत. समजा दहा काउंटर चालू आहेत आणि एका कुटुंबाचं ओळखपत्र, फोटो, कार्ड यात पाच मिनिटं जातात. म्हणजे तासाला १२० कुटुंबं, अंदाजे ४०० माणसं. १८०० माणसांना साडेचार तास हवेत. लोक आपापल्या वेळेला आले तर कुणालाच फार थांबावं लागत नाही. पण त्यातले हजार जण पहिल्याच तासात येऊन उभे राहिले, तर शेवटच्याला अडीच तास लागणार. काउंटरही तेवढेच आणि माणसंही तेवढीच. फरक पडतो तो फक्त कोण कधी आलं याचा. त्यामुळे दारावरचा कर्मचारी तुमची वेळ पाहून ‘थोडं थांबा’ म्हणाला तर त्याच्याशी वाद घालू नका. तो ज्यांची वेळ झाली आहे त्यांना पुढे काढत असतो, आणि एक वाजता तोच तुम्हालाही पुढे काढेल. महागड्या केबिनचे आणि नेहमीचे प्रवासी वेगळ्या रांगेतून जाताना दिसतील. ते त्यांच्या तिकिटातच असतं.

उशिराचं गणित निराळं आहे. तिकिटावर दोन वेळा असतात. एक जहाज सुटण्याची आणि दुसरी बोर्डिंग बंद होण्याची. लोक पहिली पाठ करतात. तुमच्या कामाची दुसरी. ती कंपनीप्रमाणे सुटण्याच्या वेळेआधी एक ते दोन तास असते, कधी त्याहून जास्त. जहाजावर नेमकी कोणती माणसं आहेत त्याची अंतिम यादी सुटण्याआधी अधिकाऱ्यांकडे द्यावी लागते. अमेरिकेतून निघणाऱ्या जहाजांना तर ती किमान ६० मिनिटं आधी देण्याचं कायद्यानंच बंधन आहे. यादी गेली की नाव घालता येत नाही. शिवाय मुंबईसारख्या बंदरातून जहाज बाहेर काढायला बंदराचा पायलट (जहाजाला वाट दाखवणारा जाणकार) लागतो, जहाज ओढणाऱ्या टगबोटी लागतात, त्यांची वेळ ठरलेली असते. मोठ्या भरतीच्या दिवसांत इथल्या पाण्याची पातळी चार ते पाच मीटरनं वरखाली होते, त्याचाही हिशेब असतो. पाच माणसांसाठी हे सगळं पुढे ढकलता येत नाही. आणि ‘मग आम्ही गोव्यात चढू’ असं आपल्या मनानं ठरवता येत नाही. कंपनीनं आधी मान्य केलं असेल तरच ते शक्य असतं, नाहीतर गैरहजर धरतात आणि पैसे परत मिळत नाहीत.

आता आपल्या सोलापूरचं. इथून मुंबईला जायचे तीन मार्ग आहेत, रेल्वे, स्वतःची गाडी आणि विमान, आणि तिन्हींचं मोल क्रूझच्या दिवशी सारखं नाही.

सिद्धेश्वर रात्री निघते आणि सकाळी सीएसएमटीला पोहोचवते. जहाजाच्या दिवशीच मुंबईत उतरायचं असेल तर हीच गाडी धरा. ती दोन-तीन तास रखडली तरी तुम्ही दहाच्या आत मुंबईत असता. पावसाळ्यात बोरघाटात कधीकधी गाड्या अडकतात, तेव्हा हीच मोकळीक कामी येते. वंदे भारत सकाळी सहाच्या सुमारास निघते आणि साडेबाराच्या सुमारास सीएसएमटीला येते. कागदावर तुमच्या एक-दीडच्या वेळेशी ती अगदी जुळते, आणि म्हणूनच अनेकांना मोह होतो. मी माझ्या गटाला जहाजाच्या दिवशी वंदे भारतनं कधीच नेत नाही. तिला दोन तास उशीर झाला तर तुम्ही अडीचला उतरता, बाहेर पडून टॅक्सी मिळेपर्यंत तीन, आणि बोर्डिंग तीनला बंद होत असेल तर सगळा प्रवास गेला. आदल्या दिवशी जाणार असाल तर मात्र वंदे भारतसारखी सोय नाही. सासू-सासऱ्यांना रात्रीचं जागरण नाही, दुपारी मुंबईत, संध्याकाळी आराम. ती आठवड्यातले सहा दिवस धावते, म्हणून वार पाहून घ्या.

स्वतःच्या गाडीनं जायचं तर साडेसातशे अडचणी. सोलापूर-पुणे महामार्ग ठीक आहे, पण शनिवार-रविवारी आणि सलग सुट्ट्यांत द्रुतगती मार्गावर खंडाळ्याच्या घाटात वाहनं तासन्‌तास उभी राहतात. बंदराजवळ गाडी तीन-चार दिवस कुठे ठेवायची हाही प्रश्नच. होटगी रोडच्या विमानतळावरून मुंबईचं विमान मिळत असेल तर तेही आदल्या दिवशीचंच घ्या. एकच फेरी असलेल्या मार्गावर ती रद्द झाली की पुढचं विमान त्या दिवशी नसतं.

इथे एक गोष्ट आवर्जून सांगतो, कारण तिच्यामुळे खूप लोकांची पंचाईत होते. क्रूझ आपण चार-सहा महिने आधी बुक करतो. रेल्वेचं आगाऊ आरक्षण १ नोव्हेंबर २०२४ पासून १२० दिवसांवरून ६० दिवसांवर आलं आहे. म्हणजे क्रूझचे पैसे भरले त्या दिवशी गाडीचं तिकीट निघतच नाही, ‘नंतर काढू’ म्हणून राहून जातं, आणि दिवाळीत किंवा नाताळात सिद्धेश्वरला प्रतीक्षायादी लागते. साठावा दिवस कॅलेंडरवर खूण करून ठेवा आणि आरक्षण खुलं होतं त्या सकाळीच तिकीट काढा.

तुमच्या घरात सत्तरीपुढची दोन माणसं आहेत, त्यामुळे मला विचाराल तर आदल्या दिवशी वंदे भारतनं जा आणि फोर्ट किंवा बॅलार्ड इस्टेटच्या आसपास मुक्काम करा. डोंबिवली-कल्याणला नातेवाईक असतील आणि त्यांच्याकडे राहायचा विचार असेल, तर जहाज रविवारी सुटत नाही ना ते बघा. रविवारी मध्य रेल्वेवर मेगाब्लॉक असतो. पाच माणसं आणि सामान घेऊन ब्लॉकमध्ये लोकल पकडणं वयस्कर माणसांना झेपणारं नाही.

मुक्काम नको असेल आणि सिद्धेश्वरनंच जायचं असेल, तर सात ते साडेबारा हे साडेपाच तास कसे काढायचे ते आधी ठरवा. टर्मिनल हे त्याचं उत्तर नव्हे. तुमच्या वेळेआधी बंदराच्या फाटकातूनच आत सोडतील याची खात्री नसते, आणि फाटकाबाहेर सामानाशेजारी बसणं मुंबईच्या उकाड्यात म्हाताऱ्या माणसांना सोसत नाही. सीएसएमटीला प्रतीक्षालय आहे, तिथे तोंड धुऊन, कपडे बदलून घ्या. सामान क्लोक रूममध्ये ठेवा. तिथे कुलूप लावलेलंच सामान घेतात आणि रेल्वेचं तिकीट दाखवावं लागतं, म्हणून प्रत्येक बॅगेला छोटं कुलूप असू द्या. पण सासू-सासऱ्यांसाठी माझा सल्ला वेगळा. जवळच्या हॉटेलात सकाळी लवकर खोली देतील का, ते आदल्या आठवड्यात फोन करून विचारा. अर्ध्या दिवसाचे पैसे जातील, पण आंघोळ, आडवं होणं आणि स्वच्छ न्हाणीघर याला पर्याय नाही. रात्रभरच्या प्रवासानं पाय सुजलेले असतात, आणि पुढे टर्मिनलमध्ये उभं राहायचं असतं. मुलाला घेऊन तुम्ही दोघं तेवढ्यात छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय पाहून येऊ शकता. सकाळी सव्वादहाला ते उघडतं, आणि सीएसएमटीहून टॅक्सीनं जवळ आहे.

स्टेशनमधून निघताना पी. डिमेलो रोडच्या बाजूनं बाहेर पडा, लांब पल्ल्याच्या गाड्यांच्या फलाटांना तीच बाजू सोयीची. तिथून बॅलार्ड पिअर दोन किलोमीटरच्या आतबाहेर आहे. टॅक्सीवाल्याला नुसतं ‘क्रूझ’ किंवा ‘बंदर’ सांगू नका. मुंबई बंदराची फाटकं रंगांच्या नावानं ओळखतात: ग्रीन गेट, ऑरेंज गेट, यलो गेट. तिकिटावर जे फाटक लिहिलं आहे तेच सांगा. माझगावचा भाऊचा धक्का वेगळा, गेटवे ऑफ इंडिया वेगळं. दोन्हीकडून बोटी सुटतात, म्हणून गोंधळ होतो.

आत गेल्यावर काय काय होतं ते क्रमानं सांगतो, म्हणजे थांबायचं नेमकं कुठे ते कळेल. फाटकावर सुरक्षारक्षक तिकीट आणि ओळखपत्र पाहतात. मग मोठ्या बॅगा हमाल किंवा कर्मचारी ताब्यात घेतात. त्यानंतर तुमची आणि हातातल्या सामानाची तपासणी, मग चेक-इन काउंटर. काउंटरवर फोटो काढतात आणि केबिनचं कार्ड देतात. परदेशी क्रूझ असेल तर पुढे इमिग्रेशन. मग प्रतीक्षा कक्ष, तिथे गटाचा क्रमांक पुकारला की बसनं किंवा चालत जहाजाच्या शिडीपर्यंत. घरी बसून वेब चेक-इन पूर्ण केलेलं असेल तर काउंटरवरचा वेळ निम्म्यानं वाचतो. फोटो अपलोड करणं आणि आरोग्याची प्रश्नावली भरणं, हे दोन टप्पे लोक हमखास सोडतात. तेही करा.

काउंटरवर अडतं ते बहुतेक वेळा ओळखपत्रावर. गोव्याच्या किंवा लक्षद्वीपच्या फेरीला भारतीय प्रवाशांना पासपोर्ट लागत नाही, पण आधार, मतदार ओळखपत्र, वाहन परवाना यांपैकी काहीतरी मूळ स्वरूपात लागतं. पॅन कार्डावर विसंबून राहू नका, त्यावर पत्ता नसतो. मुलाचंही ओळखपत्र लागतं. आणि तिकिटावरचं नाव ओळखपत्राशी अक्षर न्‌ अक्षर जुळलं पाहिजे. आपल्या पूर्व भागातल्या तेलुगू घरांमध्ये आडनाव आधी लिहायची पद्धत आहे. आधारवर एक क्रम, बुकिंगवर दुसरा, असं मी वारंवार पाहतो. लग्नानंतर आडनाव बदललेल्या सुना आणि आधारवर फक्त आद्याक्षर असलेले आजोबा, यांचंही तेच. अशी दुरुस्ती आधी कळवली तर सहज होते. काउंटरवर केली तर तुमच्या मागची रांगही थांबते आणि तुमचा अर्धा तासही जातो. अमेरिकेहून आलेली मुलं-नातवंडं सोबत येणार असतील आणि ती परदेशी नागरिक असतील, तर त्यांचा पासपोर्ट आणि ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक असलेल्या भारतीय वंशाच्या लोकांना मिळणारं कार्ड) किंवा व्हिसा लागेल. लक्षद्वीपला त्यांच्यासाठी वेगळी परवानगी असते, ते बुकिंगच्या वेळीच विचारा.

सामानाबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण याचा थांबण्याशी थेट संबंध आहे. तुम्ही दिलेली मोठी बॅग क्ष-किरणातून जाऊन केबिनच्या दारात येईपर्यंत संध्याकाळ होते. कधी जहाज सुटल्यावर, सात-आठला येते. म्हणून औषधं, चष्मा, ओळखपत्रं, दागिने, चार्जर, मुलाचे पोहण्याचे कपडे आणि प्रत्येकाचा एक जोड हातातल्या पिशवीत असू द्या. मधुमेहाचं इन्सुलिन मोठ्या बॅगेत टाकून दिलं की दिवसभर ते हाती लागत नाही. सामानाचे टॅग घरूनच छापून, प्लॅस्टिकच्या पाकिटात घालून पक्के बांधा.

आणि बॅगेत काय नको ते नीट पाहा. इस्त्री, चहाची किटली, पाणी तापवायचा रॉड, एक्स्टेंशन बोर्ड, मोठी सुरी. हे सगळं आगीच्या किंवा सुरक्षेच्या कारणानं काढून घेतात. बाहेरची दारूही. आपल्या घरांत मात्र सर्वांत जास्त निघते ती देवपूजेची डबी: कापूर, उदबत्ती, फुलवाती, काडेपेटी. समुद्रावर आगीइतकी भीती कशाचीच नसते, त्यामुळे जळणारी कोणतीही वस्तू केबिनमध्ये चालत नाही. सासूबाईंना हे घरीच समजावून सांगा. देवाची छोटी तसबीर न्या, जपमाळ न्या, फक्त दिवा-उदबत्ती नको. अशी वस्तू क्ष-किरणात दिसली की बॅग बाजूला काढतात, तुम्हाला सुरक्षा कक्षात बोलावतात आणि सगळ्यांसमोर ती उघडून घेतात. वयस्कर माणसाला ते फार लागतं.

खाण्याचंही तसंच. शिजवलेलं अन्न जहाजावर नेऊ देत नाहीत. बंद पाकिटातला कोरडा खाऊ काही कंपन्या चालवून घेतात, काही नाही. तेव्हा कडक भाकरी आणि शेंगा चटणी जरूर बांधून घ्या, पण ती गाडीत आणि दुपारी टर्मिनलला जाण्याआधी खाण्यासाठी. ‘जहाजावर गेलो की जेवू’ या भरवशावर मधुमेही माणसाला उपाशी ठेवू नका. एकची वेळ असेल तर पानावर बसायला अडीच होऊ शकतात. साडेबाराला पोटात काहीतरी जाऊ द्या. टर्मिनलमध्ये वातानुकूलन कडक असतं, म्हणून आई-बाबांसाठी एक पातळ चादर किंवा शाल वरच ठेवा.

चालण्याचं अंतर लोकांना वाटतं त्यापेक्षा जास्त असतं. सासऱ्यांचे गुडघे दुखत असतील तर व्हीलचेअर बुकिंगच्या वेळीच मागा, ‘तिथे गेल्यावर मिळेल’ यावर राहू नका. ती ढकलणारी माणसं मोजकीच असतात. आधी नोंद असलेल्यांना ती आधी मिळते. शिडीचा चढही पाण्याच्या पातळीबरोबर बदलतो, कधी सपाट, कधी उभा. चढ फार असेल तर कर्मचारी व्हीलचेअर थोडा वेळ थांबवतात. तो त्यांचा हट्ट नसतो, घसरण्याचा धोका असतो. व्हीलचेअरसोबत एकच माणूस पुढे जाऊ देतील, तेव्हा कोण जाणार ते आधीच ठरवा आणि कागदपत्रं त्या माणसाकडे द्या.

जहाजावर पोहोचल्या पोहोचल्या लोक सरळ जेवणाच्या मजल्यावर जातात. जावंच. पण त्याआधी किंवा लगेच नंतर सुरक्षा सराव पूर्ण करा. १३ जानेवारी २०१२ रोजी इटलीच्या किनाऱ्याजवळ कोस्टा कॉन्कॉर्डिया जहाज कलंडलं, ३२ माणसं गेली. त्याच दिवशी चढलेल्या शेकडो प्रवाशांचा सराव तोवर झालेलाच नव्हता, कारण तेव्हाचा नियम २४ तासांच्या आत सराव घ्या असा होता. १ जानेवारी २०१५ पासून आंतरराष्ट्रीय नियम बदलला. आता सराव जहाज सुटण्याआधी किंवा सुटताक्षणी व्हावा लागतो. जीवरक्षक जाकीट कसं घालायचं आणि आपलं जमण्याचं ठिकाण कोणतं, हे पाचही जणांनी प्रत्यक्ष जाऊन पाहा. मुलाला हातानं धरून तिथवर चालत न्या. हे मी अगदी कळकळीनं सांगतो, कारण याच वेळी लोक फोटो काढण्यात गुंतलेले असतात.

आता थांबणं लांबतं ते कधी? जहाजच उशिरा आलं तर. समुद्र खवळलेला, धुकं, वाटेत कुणी प्रवासी आजारी पडला, धक्का रिकामा झाला नाही, अशी कारणं असतात. तेव्हा कंपनी आदल्या रात्री किंवा सकाळी नवी वेळ कळवते, एसएमएस किंवा ईमेलनं. आणि इथेच आपल्याकडे घात होतो. बुकिंग नवी पेठेतल्या किंवा ओळखीच्या एजंटकडून केलेलं असतं आणि त्यानं सगळ्यांच्या नावापुढे स्वतःचाच मोबाइल नंबर घातलेला असतो. निरोप त्याच्या फोनवर येतो, तो झोपलेला असतो, आणि तुम्ही एक वाजता येऊन चार वाजेपर्यंत बसता. बुकिंगमध्ये तुमचा किंवा यजमानांचा नंबर आहे का, ते आजच विचारून घ्या आणि नसेल तर बदलून घ्या. नव्या वेळेचा निरोप आला की ती वेळ पाळा, जुनी विसरा.

तुमच्या दोन केबिन असतील तर दोन वेगळ्या वेळा पडू शकतात. बुकिंग जोडून द्यायला सांगा. तेही जमलं नाही, तर सगळ्यांनी दोहोंपैकी नंतरच्या वेळेला जा. लवकर आलेल्याला थांबवतात, पण नंतरच्या वेळेला आलेल्याला बोर्डिंग बंद होण्याआधी कुणी परत पाठवत नाही.

परदेशातून चढणाऱ्यांसाठीही थोडं लिहितो, कारण सोलापुरातून आता सिंगापूरच्या क्रूझला बरेच जण जातात. तिथे मरीना बे क्रूझ सेंटर आणि हार्बरफ्रंट अशी दोन वेगवेगळी टर्मिनल आहेत, टॅक्सीत बसण्याआधी तिकीट पाहा. सिंगापूरची वेळ आपल्यापेक्षा अडीच तास पुढे आहे. जहाजाच्याच दिवशी सकाळी विमानानं उतरायचा बेत करू नका, विमान चुकलं की जहाजही चुकतं. मलेशिया-थायलंड करून जहाज पुन्हा सिंगापूरलाच येतं, म्हणून व्हिसा एकाहून अधिक प्रवेशांचा आहे का ते पाहा. चेक-इन काउंटरवर हेच तपासतात. सिंगापूरचं आगमन कार्ड उतरण्याच्या आधीच्या तीन दिवसांत ऑनलाइन भरायचं असतं आणि ते फुकट आहे, पैसे मागणारी संकेतस्थळं टाळा. युरोपात बार्सिलोनाहून चढून जहाज शेंगेनबाहेरच्या (युरोपातल्या सामाईक व्हिसाच्या गटाबाहेरच्या) देशात जात असेल, तर तिथेही एकाहून अधिक प्रवेशांचा व्हिसाच लागतो. अमेरिकी कंपन्यांत बोर्डिंगची वेळ वेब चेक-इन करताना आपणच निवडायची असते आणि चांगल्या वेळा आधी संपतात. ज्या दिवशी ते खुलं होतं, त्या दिवशी भारतातली वेळ हिशेबात घेऊन बसा.

राहिलं परतीचं तिकीट, कारण ताईंनी तेही शेवटी विचारलं आहे. जहाज सकाळी मुंबईला लागलं तरी उतरायलाही गटांचे क्रमांक असतात, साडेदहा-अकरा धरा. दुपारी चारच्या सुमारास सीएसएमटीहून सुटणारी वंदे भारत आरामात मिळते आणि रात्री अकराच्या आत घरी पोहोचता. त्या वारी ती नसेल तर रात्रीची सिद्धेश्वर आहेच. सकाळची कुठलीही गाडी मात्र काढू नका.